फाटकावर हिशेब लावा
कर्नाटक प्राणिसंग्रहालय प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य सचिव,
कर्नाटक प्राणिसंग्रहालय प्राधिकरण,
म्हैसूर.



मी मूळची बेळगावची आणि आता बंगळुरूच्या मारतहळ्ळीत राहणारी. बेळगावजवळचे भूतरामनहट्टीचे राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय आणि इथले बन्नेरघट्टा जैविक उद्यान, दोन्हींचा कारभार तुमच्याकडे आहे. माझ्या भाच्यांनी पहिला सिंह तिकडे पाहिला, माझ्या मुलांनी इकडे. तिकडचे सिंहसुद्धा २०२१ मध्ये बन्नेरघट्ट्याहूनच गेलेले. त्यामुळे माझे माहेर आणि माझे राहते घर, दोन्हीकडच्या प्राण्यांचे पालक तुम्हीच आहात, आणि म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. यापुढे कोणतेही नवे आकर्षण उघडण्यापूर्वी तुमच्या प्रत्येक संग्रहालयाच्या फाटकावर, तिकीट खिडकीच्या शेजारी, दोन हिशेब लावा. एक प्राण्यांचा आणि दुसरा पाण्याचा. किती जन्मले, किती आले, किती गेले, किती दगावले आणि कशाने, हे पहिल्यात. किती पाणी घेतले, कुठून घेतले आणि त्यातले किती पुन्हा वापरले, हे दुसऱ्यात. मोठ्या अक्षरांत, कन्नडमध्ये आणि प्रेक्षकांना कळेल अशा इतर भाषांत, दर तीन महिन्यांनी बदललेले.

ही मागणी आजच का, ते सांगते.

गेल्या काही वर्षांत बन्नेरघट्टा झपाट्याने वाढले. २६ जून २०२४ रोजी २० हेक्टरांवरची बिबट्या सफारी सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये सुरेश, गौरी, श्रुती आणि तुलसी हे चार हत्ती विमानाने जपानला रवाना झाले आणि त्यांच्या बदल्यात जपानने चार चित्ते, चार जग्वार, चार प्यूमा, तीन चिंपांझी आणि आठ कॅपुचिन माकडे द्यायचे ठरले. राज्यातही हेच वारे आहे. कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी वृंदावन उद्यानाचा कायापालट करून तिथे मोठे मनोरंजन उद्यान उभारण्याच्या २,६६३ कोटी रुपयांच्या योजनेला मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. बंगळुरूच्या मुख्य रेल्वे स्थानकावर तर जुलै २०२१ मध्येच काचेच्या बोगद्याचे मत्स्यालय उघडले होते. प्राणी, पाणी आणि पाळणे यांची एकत्र मोट बांधली की गर्दी हमखास, हे आता सगळ्यांना पटले आहे.

या गर्दीत मीही असते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. मारतहळ्ळीतल्या मुलांचे जग म्हणजे आउटर रिंग रोड, उड्डाणपूल, मेट्रोचे अर्धे खांब आणि सोसायटीच्या पार्किंगमधला बॅडमिंटनचा पट्टा. रविवारी सकाळी सिल्क बोर्डाची कोंडी पार करून बन्नेरघट्ट्याला पोहोचायचे म्हणजे अर्धा जीव जातो, तरी आई-बाप जातात, कारण शहरात दुसरीकडे कुठे मुलांना एवढे रान दिसत नाही.

सफारीची बस जाळीच्या दुहेरी फाटकातून आत शिरते. मागचे फाटक लागल्याशिवाय पुढचे उघडत नाही, आणि त्या मधल्या अर्ध्या मिनिटात बसमधला गलका आपोआप थांबतो. मग अस्वलांचा भाग येतो. एक अस्वल मातीच्या ढेकळात तोंड खुपसते, आधी जोरात फुंकर मारून धूळ उडवते आणि मग ओठांची नळी करून वाळवी आत ओढते. तो फुर्र-सुर्र आवाज बसपर्यंत ऐकू येतो. माझी मुलगी घरी येऊन आठवडाभर तसा आवाज काढत होती. पुस्तकात अस्वलाचे चित्र असते. हा आवाज नसतो. एवढ्यासाठी मी तुमच्या संस्थेची ऋणी आहे.

बन्नेरघट्ट्याचे आणखी एक मोठेपण फार थोड्या प्रेक्षकांना ठाऊक असते. वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांचे खेळ करण्यावर केंद्र सरकारने १९९८ मध्ये बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्कशींतून सोडवलेले सिंह आणि वाघ ठेवायचे कुठे, हा प्रश्न आला तेव्हा ज्या थोड्या ठिकाणांनी त्यांना आसरा दिला त्यांत बन्नेरघट्टा होते. दरवेश्यांच्या हातून सुटलेली, नाकात वेसणीची भोके असलेली अस्वले इथल्याच पुनर्वसन केंद्रात राहिली. म्हणजे तमाशा संपलेल्या प्राण्यांना शेवटचे दिवस सुखाने काढता यावेत यासाठी ज्या संस्थेने दार उघडले, ती ही संस्था. तिने नव्या तमाशाच्या मागे लागू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

मनोरंजन उद्यानाचे एक गणित असते. दर हंगामाला काहीतरी नवे हवे, नाहीतर लोक दुसऱ्यांदा येत नाहीत. बिडदीचे वंडरला २००५ पासून याच गणितावर चालले आहे आणि उत्तम चालले आहे. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, उंच पाळणे आहेत, आणि प्राणी एकही नाही. पाळणा जुना झाला की उतरवतात, विकतात, भंगारात काढतात. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रातून शाळांच्या सहली तिथे जात. आज ते पाळणे थांबले आहेत. वाईट वाटते, पण कोणाचा जीव त्यात अडकलेला नाही.

प्राण्याच्या बाबतीत ही सोय नाही. चिंपांझी चांगली निगा राखली तर चाळीस-पन्नास वर्षे जगतो. जपानला गेलेली तुलसी हत्तीण तेव्हा पाच वर्षांची होती. ती साठीपर्यंत जगली तर २०८० उजाडेल. करारावर सह्या करणारा एकही अधिकारी तेव्हा खुर्चीवर नसेल. नवलाई दोन हंगामांत ओसरते आणि सांभाळ दोन पिढ्या करावा लागतो, हा फरक लक्षात घेऊनच प्राणी आणायला हवेत. ज्या हिमेजी सेंट्रल पार्कला आपले हत्ती गेले, तिथेही सफारीला लागूनच पाळण्यांचे उद्यान आहे आणि उन्हाळ्यात पोहण्याचे तलाव उघडतात. हा नमुना आता जगभर रूढ होत आहे. आपण तो उचलणार असू, तर आधी त्याची किंमत कळू द्या.

पाण्यातल्या प्राण्यांची किंमत तर आपल्या देशाने मोजलेली आहे. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या एका उद्यानात खेळ करायला बल्गेरियातून डॉल्फिन आणले गेले आणि काही महिन्यांतच ते दगावले. पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांतून डॉल्फिन उद्यानांचे प्रस्ताव आले, तेव्हा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने १७ मे २०१३ रोजी परिपत्रक काढून अशी उद्याने उभारायला परवानगी देऊ नये असे राज्यांना बजावले. डॉल्फिन इतके बुद्धिमान आणि संवेदनशील असतात की खेळासाठी त्यांना डांबून ठेवणे नैतिकदृष्ट्या मान्य होणार नाही, ही भूमिका सरकारने लेखी घेतली. उत्पन्नाची संधी समोर दिसत असताना आपण नाही म्हटले, याचा मला अभिमान वाटतो.

मुंबईच्या राणीच्या बागेचे उदाहरणही मराठी माणसाला जवळचे आहे. २०१६ च्या जुलैमध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. ऑक्टोबरमध्येच त्यांतला एक मेला आणि मोठा गदारोळ झाला. मार्च २०१७ मध्ये ते लोकांना दाखवायला सुरुवात झाली, त्याच वर्षी पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपये झाले, आणि तरीही रांगा लागल्या. नंतर तिथे पिल्लेही जन्मली, संख्या वाढली. तिथल्या डॉक्टरांनी आणि रखवालदारांनी मनापासून कष्ट घेतले हे मान्य करायलाच हवे. पण भायखळ्याच्या दमट हवेत त्या पक्ष्यांचा प्रत्येक श्वास यंत्रावर चालतो. वातानुकूलन, पाणी थंड ठेवणारी आणि गाळणारी यंत्रे, वर्षाचे सगळे दिवस, रात्रंदिवस. यंत्र बंद पडले तर काय, हा प्रश्न तिथे रोजचा आहे. असे प्रदर्शन उघडणे सोपे असते; ते चालवण्याचा खर्च कधीच संपत नाही.

आता माझ्या माहेरची गोष्ट. नोव्हेंबर २०२५ मध्ये भूतरामनहट्टीच्या संग्रहालयातल्या ३८ काळविटांपैकी ३१ काळविटे काही दिवसांत दगावली. वनमंत्र्यांनी चौकशी लावली, तज्ज्ञ आले, आणि कारण निघाले घटसर्प. बेळगाव भागातल्या कोणत्याही गवळ्याला हे नाव विचारा. पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना ज्याची लस टोचतात तोच हा रोग. याचे जंतू कित्येकदा जनावराच्या घशात गुपचूप असतात. हवा अचानक बदलली, दगदग झाली, भीती बसली, अशक्तपणा आला की ते उसळतात आणि एका दिवसात जनावर आडवे करतात. काळवीट तर मुळातच भित्रे. गर्दी, आवाज, धावपळ यांचा धसका त्याच्या जिवावर बेततो.

बातमी आली त्या दिवशी भावाचा फोन आला. भाचीला त्या कळपातला एक नर ओळखीचा होता, त्याचे एक शिंग टोकाला तुटलेले होते. तो वाचला का, एवढेच तिला हवे होते. आम्ही तिला उत्तर देऊ शकलो नाही, कारण वाचलेली सात कोणती, हे सामान्य माणसाला कळायला जागाच नव्हती.

त्याच्या दोन वर्षे आधी, २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, बन्नेरघट्ट्यात बिबट्याची सात पिल्ले मांजरवर्गाला होणाऱ्या पॅनल्युकोपेनिया नावाच्या विषाणूने गेली. हा विषाणू चिवट असतो. जमिनीवर, भांड्यांवर, रखवालदाराच्या बुटांच्या तळव्यांवर तो महिनोनमहिने टिकतो आणि एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जातो. त्याला अडवायचे तर प्रत्येक विभागासाठी वेगळे बूट, वेगळी भांडी, पाय बुडवायला जंतुनाशकाचे हौद, नव्या प्राण्याला वेगळे ठेवायची जागा आणि हे सगळे रोज न चुकता करणारी पुरेशी माणसे लागतात. यातले काहीही प्रेक्षकाला दिसत नाही, त्यामुळे त्याचा फोटो कोणी काढत नाही आणि त्याचे उद्घाटनही होत नाही. पण संग्रहालय जगते ते याच्यावर. वीस हेक्टरांची नवी सफारी आणि बुटांचा एक जास्तीचा जोड यांत निवड करायची वेळ आलीच, तर आधी बूट घ्या.

तुमच्यापुढची अडचण मी समजू शकते. तुमच्या संग्रहालयांचा मोठा खर्च तिकिटांवर चालतो. कोविडमध्ये फाटके बंद झाली तेव्हा प्राण्यांच्या खाण्याचीच चिंता पडली आणि दत्तक योजनेतून लोकांनी हात दिला. फाटकावर पैसे येतात म्हणून आत मांस, गवत आणि औषधे येतात. आणि फाटकावर गर्दी हवी तर काहीतरी नवे दाखवावे लागते. हे चक्र तुम्ही मुद्दाम सुरू केलेले नाही. पण ते थांबवायचे तर लोकांना दुसऱ्या गोष्टीची किंमत मोजायला शिकवावे लागेल, आणि तिथेच तो फाटकावरचा हिशेब उपयोगी पडेल. गेल्या तिमाहीत एकही पिल्लू रोगाने गेले नाही, असे ज्या फलकावर लिहिलेले असेल, तो फलक कोणत्याही जग्वारइतकाच अभिमानाने दाखवण्यासारखा आहे.

दुसरा हिशेब पाण्याचा. तो मारतहळ्ळीकरांना कोणी समजावून सांगायला नको. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातल्या सुमारे १४,००० सरकारी कूपनलिकांपैकी जवळपास ७,००० कोरड्या पडल्या. आमच्याकडे सकाळी ठरावीक वेळ नळ, मग दिवसभर बादल्या. टँकर फाटकातून आत आला की चौथ्या मजल्यावरची आजीसुद्धा गॅलरीत येऊन उभी राहायची. बारा हजार लिटरच्या टँकरचे दर इतके भडकले की जिल्हा प्रशासनाला ते बांधून द्यावे लागले. ८ मार्च २०२४ रोजी पाणीपुरवठा मंडळाने गाड्या धुणे, बागा, बांधकाम, कारंजी आणि मनोरंजन यांसाठी पिण्याचे पाणी वापरायला मनाई केली आणि पाच हजार रुपये दंड लावला. होळीला पाण्यातल्या पार्ट्या आणि रेन डान्सही बंद झाले.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला. ७७५ दशलक्ष लिटरची रोजची भर, आणि तीही आमच्यासारख्या, नंतर शहरात आलेल्या ११० गावांसाठी. दिलासा मोठा आहे. पण हे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून पंपांनी चढवून आणलेले आहे, आणि ज्या नदीतून ते येते तिच्याच धरणाच्या पायथ्याशी मनोरंजन उद्यान करायचे घाटत आहे. तिथले शेतकरी विरोधात उभे आहेत, त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

प्राण्यांना पाणी लागतेच आणि त्यांना स्वच्छ व भरपूर मिळायलाच हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पाणघोडा दिवसभर पाण्यात असतो आणि त्यातच घाण करतो, त्यामुळे त्याचे तळे सतत बदलावे किंवा गाळावे लागते. वाघालाही उन्हात डुंबायला हौद हवा. पण झाडे, हिरवळ, रस्त्यावरची धूळ बसवणे, शौचालये आणि शोभेची कारंजी यांना नदीचे पाणी का? आमच्या बाजूच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातले सांडपाणी शुद्ध करून २०१८ पासून कोलारचे तलाव भरायला जाते. ज्या शहराला आपले वापरलेले पाणी शेजारच्या जिल्ह्यात पाठवता येते, त्याला ते बन्नेरघट्ट्याच्या बागेपर्यंत नेता येणार नाही, असे मी मानत नाही. आमच्या घरापासून चार-सहा किलोमीटरांवर बेळ्ळंदूरचा तलाव आहे. फेसाने रस्ता झाकणारा आणि २०१७ व २०१८ मध्ये चक्क पेटलेला तो तलाव रोज पाहणाऱ्या माणसाला पाण्याच्या कारंज्याचे कौतुक करायला सांगू नका. आधी ते पाणी कुठून आले ते सांगा.

म्हणून माझ्या विनंत्या, थोडक्यात.

पहिली, प्राण्यांचा हिशेब. जन्म, मृत्यू, आवक-जावक यांची नोंद कायद्याप्रमाणे तुम्हाला ठेवावी लागते आणि केंद्रीय प्राधिकरणाला पाठवावीही लागते. कागद तयारच आहे. तोच फाटकावर लावा आणि मृत्यूचे कारण सोप्या शब्दांत लिहा.

दुसरी, पाण्याचा हिशेब. कूपनलिका, नदी, टँकर, पाऊस आणि पुनर्वापर असे पाच रकाने पुरतील. नव्या आकर्षणाला किती पाणी आणि किती वीज रोज लागेल, हे त्याची निविदा निघण्यापूर्वी जाहीर करा.

तिसरी, आधी दवाखाना, मग देखावा. नवी जात आणण्यापूर्वी त्या संग्रहालयात पुरेसे पशुवैद्य, विलगीकरणाची जागा आणि प्रशिक्षित रखवालदार आहेत, असे स्वतंत्र तज्ज्ञांकडून लिहून घ्या. म्हैसूर आणि बन्नेरघट्ट्याच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा भूतरामनहट्टी, गदग, कलबुर्गी, शिवमोग्गा यांसारख्या संग्रहालयांच्या दवाखान्यांसाठी राखून ठेवा. गर्दी मोठ्यांकडे आणि रोग लहानांकडे, अशी वाटणी होता कामा नये.

चौथी, पाळणे आणि प्राणी वेगळे ठेवा. पाण्याच्या घसरगुंड्या, ध्वनिप्रकाशाचे खेळ आणि मोठे भोंगे संग्रहालयाच्या हद्दीत नकोत. आठवड्याची सुट्टी ही प्राण्यांची आहे. सुट्ट्यांच्या मोसमातही ती मोडू नका.

कोणी म्हणेल, मृत्यूचे आकडे फाटकावर लावले तर लोक घाबरतील, वर्तमानपत्रे तुटून पडतील, मुले रडतील. मला तसे वाटत नाही. माणसे दडवलेल्या मृत्यूवर संतापतात. सांगितलेला मृत्यू त्यांना समजतो. म्हातारा सिंह मेला हे कळले तर मुले हळहळतील आणि त्याचे वय विचारतील. शाळेत वाघाचे चित्र रंगवण्यापेक्षा हे शिक्षण मोठे आहे. आणि आकडे नियमित लागू लागले की रखवालदाराच्या कामालाही मान मिळेल. पहाटे पाचला पिंजरे धुणाऱ्या माणसाच्या मेहनतीचा दाखला आज कुठेच दिसत नाही. त्या फलकावर दिसेल.

आम्ही प्रेक्षकही काही देणे लागतो. बसच्या जाळीवर थापा मारणे, शिट्ट्या, माकडांना वेफर टाकणे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरी सर्रास चालते. तिथे तुम्ही दंड वसूल करा, आम्ही साथ देऊ. तिकीट वाढवावे लागले तर वाढवा. पण वाढलेला पैसा कोणत्या दवाखान्यात, कोणत्या हौदात गेला, ते त्याच फलकावर लिहा. मी मारतहळ्ळीतल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात आणि मुलांच्या शाळेत हा विषय मांडणार आहे. जितकी कुटुंबे प्राणी दत्तक योजनेत सामील करता येतील तितकी करणार आहे, आणि त्यांतली पहिली मदत भूतरामनहट्टीला वाचलेल्या सात काळविटांसाठी जावी असा माझा आग्रह राहील.

हे दोन फलक लावायला नवा कायदा नको, मोठा निधी नको. आकडे तुमच्या दप्तरात आहेत. येत्या तिमाहीचा हिशेब फाटकावर लावण्याचा आदेश आपण काढावा आणि सुरुवात बन्नेरघट्टा व भूतरामनहट्टी या दोन ठिकाणांहून करावी, ही नम्र विनंती.

आपली,
मारतहळ्ळीची एक रहिवासी, माहेर बेळगाव